स्टॅनली नोल्स यांनी विरोधी बाकांवरून काय मिळवले

राज्यशास्त्राच्या एका अभ्यासकाने विचारलेला प्रश्न असा आहे: कॅनडातील डाव्या विचारांचे खासदार स्टॅनली नोल्स सुमारे ३७ वर्षे संसदेत होते, पण ते कधीही मंत्री झाले नाहीत आणि त्यांचा पक्ष केंद्रात एकदाही सत्तेवर आला नाही. असे असताना कॅनडाच्या कॉमन्स सभागृहाने त्यांना आजन्म सभागृहात बसण्याचा मान का दिला, आणि अशा खासदाराने प्रत्यक्षात मिळवले तरी काय?

विधिमंडळाच्या सचिवालयात नियम आणि कामकाज या शाखेत मी दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी पक्षीय राजकारणापेक्षा सभागृहाच्या कामकाजाच्या अंगाने पाहतो. नोल्स यांनी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा विषय हयातभर हाती धरला आणि सभागृहाचे नियम मंत्र्यांपेक्षा बारकाईने आत्मसात केले. अल्पमतातील सरकारे आली तेव्हा या दोन्ही गोष्टींचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. अल्पमतातील सरकार येणे त्यांच्या हाती नव्हते. पण ते येईल त्या दिवशी मागणी कोणत्या शब्दांत आणि कोणत्या टप्प्यावर मांडायची याची तयारी आधीच्या वीस वर्षांत झालेली होती. त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तो या तयारीसाठी.

प्रथम त्या मानाविषयी. वेस्टमिन्स्टरच्या धर्तीवरील विधिमंडळात अध्यक्षांच्या आसनासमोर, सत्ताधारी आणि विरोधी बाकांच्या मधोमध एक लांब मेज असते आणि तेथे सचिव व त्यांचे सहकारी बसतात. नियमांच्या बाबतीत अध्यक्षांना सल्ला देणे, मतदानाची नोंद ठेवणे आणि कामकाजाचा क्रम सांभाळणे हे त्यांचे काम असते, आणि त्यांनी कोणत्याही पक्षाचे असू नये ही त्या जागेची पहिली अट असते. मार्च १९८४ मध्ये पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी मांडलेल्या प्रस्तावाने नोल्स यांना सभागृहाचे मानद अधिकारी करून याच मेजाजवळ आजन्म जागा देण्यात आली, आणि तो प्रस्ताव सर्व पक्षांनी एकमताने स्वीकारला. असा मान त्या संसदेत त्यापूर्वी कोणालाही मिळालेला नव्हता. समाजवादी पक्षाचा कट्टर कार्यकर्ता राहिलेल्या, सरकारांना आयुष्यभर धारेवर धरलेल्या माणसाला तटस्थतेच्या त्या जागेवर बसवण्यास सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्ष दोघेही तयार झाले, याचे महत्त्व सचिवालयात काम केलेल्या माणसाला फार जाणवते. पुतळे आणि पदव्या पुष्कळांना मिळतात. त्या मेजाजवळची खुर्ची मिळण्यासाठी नियमांचा वापर करताना लबाडी केली नाही असा विश्वास प्रतिस्पर्ध्यांच्या मनात असावा लागतो.

नोल्स यांचा जन्म १८ जून १९०८ रोजी अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे कॅनडातून गेलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. ते लहान असतानाच आई क्षयाने वारली. वडील ट्रामगाड्यांच्या कंपनीत यंत्र-कारागीर होते. मंदीच्या काळात त्यांना कामावरून काढण्यात आले आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन म्हणून काहीही हाती पडले नाही. पुढे संसदेत निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक वादात नोल्स यांच्या बोलण्याला जी धार असे, तिचे मूळ या अनुभवात होते. १९२४ मध्ये ते कॅनडात आले. छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करत त्यांनी शिक्षण घेतले आणि ते मुद्रक कामगारांच्या संघटनेचे सदस्य झाले. मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडन कॉलेजात टॉमी डग्लस त्यांचे सहाध्यायी होते, आणि दोघे १९३० मध्ये एकत्रच पदवीधर झाले. डग्लस पुढे सस्कॅचवान प्रांताचे मुख्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्यसेवेचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. नोल्स १९३३ मध्ये युनायटेड चर्चचे धर्मोपदेशक झाले. त्या काळातील कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गरिबी हा पापाचा परिणाम नसून अन्यायी अर्थव्यवस्थेचा परिणाम आहे असे मानणारा प्रबळ विचारप्रवाह होता. कॅनडाच्या डाव्या चळवळीतले अनेक पहिले नेते मार्क्सच्या ग्रंथांपेक्षा बायबलच्या वाचनातून समाजवादाकडे आले, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने ध्यानात ठेवावी, नाहीतर या मंडळींची भाषा आणि त्यांचा संयम यांचा उलगडा होत नाही.

याच प्रवाहातले जे. एस. वुड्सवर्थ हे नोल्स यांचे पूर्वसूरी. १९१९ च्या मे-जूनमध्ये विनिपेग शहरात कामगारांचा सार्वत्रिक संप झाला, २१ जून रोजी पोलिसी गोळीबारात माणसे मेली आणि संपाच्या नेत्यांबरोबर वुड्सवर्थ यांनाही अटक झाली. दोन वर्षांनी त्याच शहरातून ते संसदेवर निवडून आले. विनिपेग नॉर्थ सेंटर हा त्यांचा मतदारसंघ रेल्वे कामगारांचा, युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचा आणि लहान घरांतून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा होता. १९२५ च्या निवडणुकीनंतर मॅकेन्झी किंग यांचे लिबरल सरकार अल्पमतात आले. तेव्हा वुड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स या दोन मजूर खासदारांनी, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा सरकार आणणार का, असे पंतप्रधानांना जानेवारी १९२६ मध्ये पत्राने विचारले आणि लेखी होकार मिळवला. कॉमन्सने विधेयक मंजूर केले, पण नियुक्त सदस्यांच्या सिनेटने ते फेटाळले. पुन्हा निवडणूक झाली, आणि १९२७ मध्ये कायदा झाला. सत्तर वर्षांवरील गरजू माणसाला महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर, आणि तेही उत्पन्नाची कसून चौकशी झाल्यावर, असे त्याचे स्वरूप होते. नोल्स यांच्या राजकारणाचा नकाशा या प्रसंगात तयार झालेला दिसतो. निवृत्तिवेतन हा विषय, अल्पमतातील सरकार ही संधी, लेखी शब्द घेण्याची सवय आणि सिनेटविषयीचा कायमचा राग, हे सगळे त्यांनी वुड्सवर्थ यांच्याकडून घेतले. सिनेट रद्द करावे अशी विधेयके त्यांनी पुढे वारंवार मांडली. त्यांतले एकही मंजूर झाले नाही.

को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, हा शेतकरी, कामगार आणि समाजवाद्यांचा पक्ष १९३२ मध्ये कॅलगरी येथे स्थापन झाला आणि वुड्सवर्थ त्याचे नेते झाले. नोल्स यांनी १९३५ आणि १९४० च्या सार्वत्रिक निवडणुका या पक्षातर्फे लढवल्या आणि दोन्ही वेळा ते हरले. त्यानंतर विनिपेगच्या नगरपालिकेवर ते निवडून आले. मार्च १९४२ मध्ये वुड्सवर्थ वारले, आणि ३० नोव्हेंबर १९४२ च्या पोटनिवडणुकीत विनिपेग नॉर्थ सेंटरची जागा नोल्स यांनी जिंकली.

कॅनडाच्या संसदेत साध्या सदस्याला सरकारी तिजोरीवर खर्चाचा बोजा टाकणारे विधेयक आणता येत नाही, कारण त्यासाठी राजसत्तेची शिफारस लागते आणि ती केवळ मंत्री आणू शकतात. म्हणून सदस्याला फार तर असा प्रस्ताव मांडता येतो की, सरकारने अमुक गोष्ट करण्याच्या इष्टतेचा विचार करावा. आपल्याकडच्या अशासकीय ठरावाची अडचणही साधारण हीच आहे. बहुतेक सदस्य असा एखादा प्रस्ताव मांडून, त्यावर भाषण करून आणि ते मतदारसंघात छापून वाटून समाधान मानतात. नोल्स यांनी या निरुपद्रवी दिसणाऱ्या साधनाचा पद्धतशीर वापर केला. गव्हर्नर जनरलच्या अभिभाषणावरील चर्चा, अर्थसंकल्प, खात्यांच्या मागण्या, प्रश्नोत्तरे, अशासकीय कामकाजाचा दिवस अशी जी जी वाट नियमांनी मोकळी ठेवली होती, त्या प्रत्येक वाटेने त्यांनी एकच मागणी आत आणली: रक्कम वाढवा, वय खाली आणा, उत्पन्नाची चौकशी काढून टाका. मंत्र्याने मागच्या अधिवेशनात दिलेले उत्तर त्यांच्या हाताशी असे, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू होत असे. टिपणे ठेवण्याची ही शिस्त हाच त्यांच्या कामाचा कणा होता असे मी मानतो. भाषण विसरले जाते, पण कार्यवृत्तात नोंदवलेले आश्वासन मंत्री बदलला तरी पुसले जात नाही.

मासिक रक्कम १९४३ मध्ये २५, १९४७ मध्ये ३० आणि १९४९ मध्ये ४० डॉलर झाली. १९५१ चा कायदा मात्र तत्त्वाच्या दृष्टीने मोठा होता, कारण जानेवारी १९५२ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची कोणतीही चौकशी न करता, महिन्याला ४० डॉलर मिळू लागले. हा कायदा लिबरल सरकारने केला आणि त्याचे श्रेय त्या सरकारला आहेच. पण म्हाताऱ्या माणसाला आपले दारिद्र्य सिद्ध करून दाखवायला लावणे अपमानास्पद आहे, हा मुद्दा सभागृहाला सतत ऐकवणाऱ्यांत नोल्स आघाडीवर होते. निवृत्तिवेतन हे दान नसून हक्क आहे ही भूमिका १९५१ पर्यंत सर्व पक्षांना मान्य झाली, यात त्यांच्या चिकाटीचा वाटा नाकारता येणार नाही. १९५७ मध्ये अर्थमंत्री वॉल्टर हॅरिस यांनी केवळ सहा डॉलरची वाढ दिली तेव्हा देशभर त्यांची ‘सहा डॉलरवाले हॅरिस’ अशी संभावना झाली आणि निवडणुकीत सरकारला ती भोवली. एखादा विषय पंधरा वर्षे तापत ठेवला की सरकारच्या कंजूषपणाची किंमत कशी वाढते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नियमांवरील त्यांच्या प्रभुत्वाची परीक्षा १९५६ च्या मे-जून महिन्यांत झाली. कॅनडाच्या संसदीय इतिहासात हा प्रसंग पाइपलाइनचा वाद म्हणून ओळखला जातो. लिबरल सरकारातील बलाढ्य मंत्री सी. डी. हाउ यांना अल्बर्टातील नैसर्गिक वायू संपूर्णपणे कॅनडाच्या भूमीवरून पूर्वेकडील शहरांत नेणारी वाहिनी घाईने सुरू करायची होती. ट्रान्स-कॅनडा पाइपलाइन्स या कंपनीवर अमेरिकी भांडवलाचे वर्चस्व होते, आणि पश्चिमेकडील टप्प्यासाठी तिला सरकारकडून ८ कोटी डॉलरपर्यंत कर्ज द्यायचे ठरले होते. वाहिनी सार्वजनिक मालकीची असावी असे सीसीएफचे म्हणणे होते, तर काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा आक्षेप अमेरिकी नियंत्रणाला होता. ७ जूनपर्यंत विधेयक मंजूर व्हायलाच हवे, असे सरकारने ठरवले. १४ मे रोजी हाउ यांनी प्रारंभिक ठरावावर भाषण केले आणि विरोधकांपैकी एकही सदस्य बोलण्यापूर्वीच चर्चा समाप्त करण्याच्या प्रस्तावाची, म्हणजे क्लोजरची सूचना दिली. पुढेही विधेयकाच्या प्रत्येक टप्प्यावर क्लोजर लावण्यात आला.

या घाईपुढे संख्याबळाने दुबळ्या विरोधकांच्या हाती फक्त नियम उरले. सीसीएफकडून नोल्स आणि काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून डेव्ही फुल्टन यांनी हरकतीचे मुद्दे, विशेषाधिकाराचे प्रश्न आणि दुरुस्त्या यांची अशी मालिका उभी केली की सरकारला प्रत्येक पाऊल नियमाच्या कसोटीवर घासून टाकावे लागले. त्या काळी कॅनडात अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्ध सभागृहाकडेच दाद मागण्याची सोय होती आणि तशी दाद मागितली की घंटा वाजवून नोंदणीकृत मतदान घ्यावे लागे. ही सोय १९६५ मध्ये रद्द झाली. अध्यक्षांना बहुमताच्या मतदानावर अवलंबून ठेवणारी ही तरतूद मुळात सदोष होती असे माझे मत आहे, आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण ती अस्तित्वात होती तोवर तिचा आधार घेण्याचा अल्पसंख्य सदस्यांना पूर्ण अधिकार होता.

३१ मे रोजी अध्यक्ष रेने बोदुआँ यांनी सीसीएफचे कॉलिन कॅमेरॉन यांचा विशेषाधिकाराचा मुद्दा चर्चेसाठी स्वीकारला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला निर्णय फिरवला आणि सभागृहाने आदल्या दिवशीच्या सायंकाळी सव्वापाचच्या स्थितीत परत जावे असे सुचवून ते बहुमताने मंजूर करून घेतले. झालेले कामकाज झालेच नव्हते असे मानण्याचा हा प्रकार कोणत्याही विधिमंडळाच्या पायालाच हात घालणारा होता. एरवी अत्यंत संयमी असलेले सीसीएफचे नेते एम. जे. कोल्डवेल मूठ उगारत अध्यक्षांच्या आसनापर्यंत चालून गेले. १ जून १९५६ हा दिवस कॅनडात काळा शुक्रवार म्हणून नोंदला गेला. विधेयक ठरलेल्या मुदतीत मंजूर झाले खरे, पण अमेरिकेतील पोलाद कामगारांच्या संपामुळे नळच वेळेवर मिळाले नाहीत आणि ज्या हंगामासाठी एवढी घाई केली तो हंगाम हातचा गेलाच. वाहिनी १९५८ मध्ये पूर्ण झाली.

नोल्स यांनी तेव्हा केले ते निव्वळ अडवणूक होती, अशी टीका आजही वाचायला मिळते. मला ती मान्य नाही. अडवणूक करणाऱ्याला कामकाज बंद पाडायचे असते, तर नोल्स यांना चर्चा हवी होती आणि सरकार ती नाकारत होते. त्यांचा प्रत्येक मुद्दा लिखित नियमावर किंवा पूर्वीच्या निर्णयावर आधारलेला असे. मार्च १९५७ मध्ये टोरांटो येथे विरोधी पक्षांच्या भूमिकेवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हेच मांडले की विरोधी पक्षाचे काम आणि त्याचे हक्क स्पष्टपणे मान्य केल्याशिवाय लोकशाही पूर्ण होत नाही. तीन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत २२ वर्षे सलग सत्तेवर असलेला लिबरल पक्ष पराभूत झाला आणि हाउ स्वतःची जागाही राखू शकले नाहीत.

नवे पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी नोल्स यांना अध्यक्षपद देऊ केले. बोदुआँ प्रकरणाने त्या आसनाची गेलेली प्रतिष्ठा सर्वमान्य जाणकार तेथे बसला तर परत येईल, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. नोल्स यांनी नकार दिला. अध्यक्ष झालेल्या सदस्याला वादात भाग घेता येत नाही, आणि ज्या माणसांसाठी ते संसदेत आले होते त्यांच्या बाजूने बोलणे त्यांना थांबवायचे नव्हते. नियमांचा एवढा अभ्यास असलेल्या माणसासाठी ते आसन म्हणजे आयुष्याचा कळस ठरले असते. तरीही त्यांनी ते नाकारले, यावरून नियम हे त्यांच्या दृष्टीने साधन होते आणि निवृत्तिवेतन हे उद्दिष्ट, हे मला सर्वांत स्पष्टपणे दिसते.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, ३१ मार्च १९५८ च्या निवडणुकीत डीफेनबेकर यांची लाट आली. काँझर्व्हेटिव्ह पक्षाला २०८ जागा मिळाल्या, सीसीएफ ८ जागांवर आला, आणि कोल्डवेल यांच्याबरोबर नोल्सही पडले. संसदीय कर्तबगारीचे बक्षीस मतदार देतातच असे नाही, आणि पाइपलाइनच्या वादाचा सगळा लाभ तेव्हाचा मोठा विरोधी पक्ष असलेल्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाने उचलला. नोल्स कॅनेडियन लेबर काँग्रेसचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले आणि कामगार संघटना व सीसीएफ यांना एकत्र आणून नवा पक्ष उभारण्याच्या कामाला लागले. गावोगावच्या बैठका, संघटनांचे परस्पर संशय दूर करणे आणि घटनेचे मसुदे अशा चिवट कामातून १९६१ च्या उन्हाळ्यात ऑटावा येथे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, म्हणजे एनडीपी, जन्मली आणि टॉमी डग्लस तिचे पहिले नेते झाले. १८ जून १९६२ रोजी, म्हणजे आपल्या ५४ व्या वाढदिवशी, नोल्स विनिपेग नॉर्थ सेंटरमधून पुन्हा निवडून आले. त्यानंतर ते कधीही हरले नाहीत.

दुसऱ्या पर्वात परिस्थिती त्यांना अनुकूल झाली. १९६३ ते १९६८ या काळात लेस्टर पिअरसन यांचे लिबरल सरकार अल्पमतात होते आणि एनडीपीच्या मतांची त्याला वेळोवेळी गरज पडे. कॅनडाची अंशदायी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे कॅनडा पेन्शन प्लॅन, १९६५ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १९६६ पासून लागू झाली. सर्वांना मिळणाऱ्या वृद्धापकाळ वेतनाची वयोमर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने खाली आणत १९७० पर्यंत सत्तरवरून पासष्टवर आणली गेली. ज्यांच्याकडे दुसरे उत्पन्न नाही अशा वृद्धांसाठी १९६७ मध्ये पूरक रकमेची हमी मिळाली. नोल्स या काळात पक्षाचे सभागृहातील व्यवस्थापक होते, म्हणजे कोणते विधेयक कधी येणार, त्यावर किती वेळ द्यायचा आणि कोणत्या अटीवर, या वाटाघाटी तेच करत. वर्तमानपत्रांत नेत्यांची भाषणे छापून येतात, परंतु कायद्याचे कलम अनेकदा या वाटाघाटींच्या खोलीत बदलते.

१९७२ च्या निवडणुकीत लिबरलना १०९, काँझर्व्हेटिव्हना १०७ आणि एनडीपीला ३१ जागा मिळाल्या. ट्रूडो यांचे सरकार टिकणे न टिकणे डेव्हिड लुइस यांच्या नेतृत्वाखालील या ३१ सदस्यांवर अवलंबून राहिले. लिबरल पक्षाचे सभागृह नेते ॲलन मकएकन आणि नोल्स यांच्यातील रोजच्या व्यवहारावर ती संसद सुमारे दीड वर्ष चालली. पेट्रो-कॅनडा या सरकारी तेल कंपनीचा निर्णय, परकीय गुंतवणुकीची छाननी करणारी यंत्रणा, निवडणूक खर्चावर मर्यादा घालणारा कायदा ही त्या काळाची फळे आहेत. नोल्स यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वृद्धापकाळ वेतन महागाईशी जोडले गेले आणि १९७३ पासून दर तिमाहीला त्यात वाढ होऊ लागली. ही तरतूद दिसायला तांत्रिक आहे. पण तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी अर्थमंत्र्याच्या मर्जीकडे डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही, आणि सहा डॉलरवाल्या हॅरिस यांच्यासारखा प्रसंग पुन्हा येण्याचे कारणच काढून टाकले गेले. मे १९७४ मध्ये एनडीपीने अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिले, सरकार पडले, आणि जुलैच्या निवडणुकीत एनडीपीच्या जागा १६ वर आल्या. लुइस स्वतः हरले. सरकारला पाठिंबा देऊन कायदे मिळवणाऱ्या लहान पक्षाला त्याची राजकीय किंमत मोजावी लागते, हा अनुभव कॅनडाच्या डाव्यांनी तेव्हा घेतला.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते पक्षाचे मोठे सिद्धांतकार नव्हते. चर्चेला वेळेचे बंधन घालणाऱ्या नियमांविरुद्ध त्यांनी जी झुंज दिली ती अखेरीस हरली: १९६९ मध्ये ट्रूडो सरकारने वेळवाटपाचा नियम क्लोजरचाच वापर करून मंजूर करून घेतला, आणि त्यानंतर कॅनडात सरकारचा हात या बाबतीत सतत बळकट होत गेला. निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक सुधारणेचे श्रेय त्यांना देणारी चरित्रपर लेखने वाचताना सावध राहावे, कारण कायद्याचा मसुदा आणि पैशाची तरतूद लिबरल मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी केली होती, आणि कामगार संघटना व वृद्धांच्या संस्थांचा रेटाही मोठा होता. नोल्स यांच्या नावावर निश्चितपणे मांडता येते ते एवढे, की १९४२ पासून हा विषय संसदेच्या पटलावरून त्यांनी खाली उतरू दिला नाही, आणि प्रत्येक वेळी पुढची मागणी नेमकी कोणती असावी हे ठरवण्यात त्यांचा हात होता.

हे सारे त्यांनी आजारपणात केले, याची नोंद अनेक ठिकाणी ओझरती येते. १९४० च्या दशकातच त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार जडला होता. शरीर कृश, राहणी अत्यंत साधी, ऑटावात एका कुटुंबाकडे घेतलेली खोली, आणि सभागृहाच्या बैठकीत सुरुवातीपासून अखेरपर्यंत उपस्थिती, असा त्यांचा दिनक्रम राहिला. १९७९ मध्ये जो क्लार्क यांच्या काँझर्व्हेटिव्ह सरकारच्या काळात त्यांना प्रिव्ही काउन्सिलचे, म्हणजे राजसत्तेच्या सल्लागार मंडळाचे, सदस्य करण्यात आले, जो मान सहसा मंत्र्यांना मिळतो. १९८१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, आणि १९८४ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. मानद अधिकारी झाल्यावर प्रकृतीने साथ दिली तोवर ते मेजाजवळच्या आपल्या जागेवर येऊन बसत. ९ जून १९९७ रोजी ऑटावात त्यांचे निधन झाले.

आपल्याकडच्या अभ्यासकाला तुलनेसाठी मधु लिमये यांचे नाव सुचेल, आणि ते योग्यच आहे. पुण्याचे लिमये १९६४ मध्ये मुंगेरच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले आणि नियम व विशेषाधिकार यांच्या बळावर त्यांनी बलाढ्य सरकारला उत्तरे द्यायला लावली. फरक असा की लिमये यांचा प्रहार भ्रष्टाचारापासून परराष्ट्र धोरणापर्यंत अनेक विषयांवर होता, तर नोल्स यांनी आपले क्षेत्र जाणूनबुजून अरुंद ठेवले. दोघांच्या संसदीय भाषणांचा एकत्र अभ्यास मराठीत कोणी केला तर तो फार उपयोगी ठरेल.

तसा अभ्यास करणाऱ्याने चरित्रापासून सुरुवात करू नये. कॅनडाच्या संसदेचे जुने हॅन्सार्ड, म्हणजे कामकाजाचे शब्दशः वृत्त, आता संगणकावर वाचायला मिळते. त्यातील १४ मे ते ६ जून १९५६ या दिवसांचे कार्यवृत्त आधी वाचावे, आणि प्रत्येक ठिकाणी अध्यक्षांनी कोणत्या नियमाचा आधार घेतला व नोल्स यांनी कोणत्या नियमाने त्याला उत्तर दिले हे समासात लिहून काढावे. मग १९४० च्या दशकातील कोणतेही एक अधिवेशन घेऊन नोल्स यांनी निवृत्तिवेतनावर विचारलेले सगळे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे तारखेप्रमाणे लावावीत, आणि त्यांच्या शेजारी १९५१, १९६५ आणि १९७३ च्या तरतुदी ठेवाव्यात. कोणती मागणी किती वर्षांनी कायद्यात उतरली, कोणती वाटेत गळाली आणि कोणती सरकारने आपल्या नावावर घेतली, हे त्या तक्त्यावरून स्वतः ठरवता येईल.